मोठ्या लादीचं दुसरं टोक

मी, खाली सही करणारी, जिला सगळा बाजार 'लादीवाल्या वहिनी' म्हणून ओळखतो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांचा इथे संबंध नाही.

१. माझं दुकान, मागची कामाची खोली, टेम्पो, भिंतीएवढ्या पोर्सेलिनच्या लाद्या उचलायची रबरी कपांची चौकट, कापायचं यंत्र आणि सगळ्या थाप्या मी माझ्या सुनेला देते. ती आता माझ्या मुलाची बायको नाही. फारकत त्या दोघांची झाली, माझी झालेली नाही.

याचं कारण लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी 'म्हातारीला फितवलं' म्हणायला नको. मोठी कामं देणारे लोक प्रमाणपत्राशिवाय दारात उभं करेनासे झाले, तेव्हा मी या वयात प्रशिक्षण केंद्रात पोरांच्या रांगेत जाऊन बसले. ही लादी माणसापेक्षा उंच आणि जाडीला बोटभरही नाही. एकट्याने उचलली की मोडलीच. म्हणून परीक्षेला जोडीदार आपला आपण न्यायचा, नाहीतर आल्या पावली परत जायचं. मुलाने 'येतो' म्हणून सांगितलं होतं. मी केंद्राच्या दारात उभी, आणि याचा फोन बंद. शेवटी लाज सोडून सुनेला फोन केला. ती तेव्हा वेगळी राहत होती, आली नसती तरी तिला कोणी बोल लावला नसता. मिळेल त्या गाडीने आली, बाह्या दुमडल्या आणि म्हणाली, "आई, आधी श्वास घ्या. कुठलं टोक माझं?"

आम्ही भिंतीला आणि लादीच्या पाठीला, दोन्हीकडे मसाला लावला, दातेरी थापी एकाच दिशेने ओढली, लादी बसवली. मग परीक्षकांनी ती ओली असतानाच आमच्याकडून पुन्हा काढून घेतली आणि पाठ तपासली. कुठेही कोरी जागा नव्हती. मी पास झाले. पुढच्या वर्षी ती पास झाली, तेव्हा दुसरं टोक मी धरलं होतं.

२. माझ्या धाकट्या दिरांनी माझ्या नवऱ्याची पाणसळ 'जरा बघून देतो' म्हणून नेली, ती हे गेल्यावरही परत आली नाही. ती मी त्यांनाच दिली असं समजावं. निदान एखादी भिंत तरी सरळ बांधा म्हणावं.

३. बँकेत जे काही असेल ते माझ्या नातीचं. तिला या धंद्यात यायचं नसेल तर कोणी तिच्या मागे लागू नये.

४. आता मुलगा. "कागदाने लाद्या चिकटतात का, आई?" असं मला हिणवणाऱ्याने माझंच प्रमाणपत्र दाखवून एका दवाखान्याचं काम मिळवलं. रोजावर माणसं लावली आणि स्वतः तिकडे फिरकला नाही. 'लाद्या मागून पूर्ण भरल्या आहेत' या कागदावर मात्र भिंतीकडे न बघता सही ठोकली. एक लादी सुटली आणि रुग्णांच्या बाकावर आडवी झाली. बाक रिकामा होता, म्हणून मला आज झोप लागते. ती भिंत सुनेने आणि मी नव्याने केली. मुलाने हात वर केले आणि बाजारभर सांगत सुटला, "आईला आता वयामुळे जमत नाही." हे मला झोंबलं, अजून झोंबतं. पोटचा आहे म्हणून कमी नाही, जास्तच.

५. तरीही राहतं घर मी त्यालाच देते, कारण ते त्याच्या वडिलांनी बांधलं. अट एकच. या कागदावर पहिला साक्षीदार म्हणून मी त्याला बोलावलं आहे. वकिलांना विचारून मी असं ठरवलं आहे की या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला यातून काही मिळणार नाही. तेव्हा त्याने हे वाचून सही नाकारली, तर घर त्याचं. वकील त्याच्या जागी आपल्या कारकुनाची सही घेतील. न वाचता सही केली, तर घर भाड्याने द्यावं आणि त्या पैशातून केंद्रात एक पगारी माणूस ठेवावा. ज्याचा जोडीदार परीक्षेला ऐनवेळी येत नाही, त्याच्या लादीचं दुसरं टोक त्या माणसाने धरावं.

मी त्याला 'वाच' म्हणून सांगणार आहे. त्याने वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: नऊ नोव्हेंबर, मंगळवार

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला, मुलगा: (सही)

साक्षीदार दुसरा, शेजारच्या दुकानातला शिंपी: (सही)
मी पूर्ण वाचून सही केली आहे. वहिनींनी मुलाला माझ्यासमोर दोनदा सांगितलं, "अरे, एकदा वाच तरी." तो म्हणाला, "तू लिहिलंयस ना? मग बरोबरच असणार. पेन दे." वहिनींनी पेन बराच वेळ हातात धरून ठेवलं, मग दिलं.