कणगीवरचा पंजा

घाटघर, १२ डिसेंबर २०२३

सौ. उज्ज्वलावन्सं यांस मोहिनीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नका. फोनला रेंज टेकाडावर येते, आणि टेकाडावर माझ्यामागं आत्याबाई येतात.

काल बियाण्याच्या भाताची कणगी भरली. तोंड शेणानं लिंपलं मी, आणि त्यावर पंजा उमटवला आत्याबाईंनी, म्हणजे तुमच्या आईनं, कुणी उघडली तर कळावं म्हणून. घरात उघडणारी दुसरी आहे कोण? अकरा वर्षं झाली मला या घरात. विचारलं तर म्हणाल्या, वहीम नाय, रीत हाय. आमच्या लेकीनं, संस्कृतीनं, शाळेतल्या कोशात बघितलं. वहीम अरबीतून आला म्हणे, आणि मुळात अर्थ मनाचा भास, नसलेलं दिसणं. इतक्या लांबून येऊन नाणेघाट चढताना दमला असेल, म्हणून आमच्याच घरी मुक्काम ठोकला.

पण वन्सं, मला लई लागलंय. उन्हाळ्यापर्यंत तो पंजा राहिला तर मी चूल वेगळी मांडणार. तुमचा लोभ तेवढा राहू द्या.

तुमची मोहिनी

अवसरी बुद्रुक, २० डिसेंबर २०२३

चि. सौ. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गोठ्यात लपून वाचलं. शब्द अरबस्तानातला असंल बाई, पण आपल्या घरात तो मी आणला. बारा वर्षांची असताना कणगीतलं पायलीभर भात कासारणीला घालून हिरव्या बांगड्या भरल्या. मैत्रिणीनं दिल्या अशी थाप मारली. त्या साली रोपं कमी पडली, एक खाचर पड राहिलं. आईनं उंदरांना शिव्या घातल्या आणि मी गप्प बसले. पंजा तेव्हापासूनचा आहे.

हे पत्र आईला वाचून दाखव. माझं व्हायचं ते होऊ दे, तू चूल हलवू नको. जमलं तर माया ठेव.

उज्ज्वला

घाटघर, ३ जानेवारी २०२४

सौ. वन्संना नमस्कार.

वाचून दाखवलं. आत्याबाई जराही दचकल्या नाहीत. उंदीर बांगड्या भरत नाहीत, म्हणाल्या. तुम्ही दर उन्हाळ्यात माहेरी येता, म्हणून पंजा. लेकीची अब्रू सुनेपुढं कशी काढायची, म्हणून आजवर गप्प होत्या. मग अकरा वर्षं माझी गेली त्यांचं काय, असं विचारताना मला रडू फुटलं. त्या उठल्या, शेण कालवलं, जुना पंजा लिंपून टाकला आणि माझं मनगट धरून म्हणाल्या, "दाब. आता तुझा पंजा."

चूल आहे तिथंच आहे. उन्हाळ्यात या, आंबे आणा, लोभ वाढवा. कणगीला मात्र हात लावू नका. वहीम नाही हो, रीत आहे.

तुमचीच मोहिनी