दहावा माणूस

एलूल ३

आम्हा यहुद्यांच्या मोठ्या उपासाला, पुढच्या तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवसाला, सव्वा महिना उरला. त्याआधी ज्याला दुखावलं त्याच्या दारी जाऊन क्षमा मागायची, हे माझ्या शिष्याला, यखीनला, मीच शिकवलं. तो माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी कबुली द्यायची, हेही. शिकवलेलं सगळं त्याच्या ध्यानात राहतं — एवढं सोडून!

सहा वर्षं झाली. फुस्तात शहरात, भरसभेत म्हणाला, "गुरुजींना आता आठवत नाही. त्यांचा निवाडा धरू नका." माझ्या ताटात जेवून वाढलेला हा! त्याच आठवड्यात मी या लहानशा बिल्बैस गावी निघून आलो. इथे प्रार्थनेपुरते दहा पुरुष जमवताना मारामार. बोलायला तर कुणीच नाही.

एलूल ११

मसूर करपली. तशीच खाल्ली.

एलूल २०

इथल्या पंचांना फुस्तातहून पत्र आलंय, एका घटस्फोटाबद्दल. यखीनचं अक्षर! आत माझा दाखला — 'माझे गुरू तोविया, त्यांची स्मृती धन्य असो, असं म्हणत.' हे मेलेल्यांच्या नावापुढे लिहितात. वसंतात इथे साथ आली होती. तीत मी गेलो असंच त्याला कळलं असणार.

प्रार्थनेला माणसं गोळा करणारा सहलान जिभेचा तिखट. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही तर वारलात. आता मी दहावा कुठून आणू?" जिवंत आहात म्हणून कळवू का, असंही विचारलं. नको म्हटलं. जिवंतपणी विचारलं नाही, मेल्यावर मान देतोय. देऊ दे.

घरी येऊन रडलो.

तिश्री ४

'यखीन, मी आहे रे.' दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं.

तिश्री ९

उद्या उपास. सकाळीच सहलान दारात. कुणी परगावचा पाहुणा आलाय, थडग्यापाशी दहा जण हवेत, नऊ झालेत. कुणाचं थडगं, विचारलं. "चला तर खरं. तुमच्यावाचून अडलंय." चक्क हसत नव्हता.

कोपऱ्यातल्या एका बिननावाच्या थडग्यापाशी त्याने सगळ्यांना नेलं. मी मागे उभा. पाहुण्याची पाठ तेवढी दिसत होती. तो बोलू लागला आणि मी आवाज ओळखला.

"माझे गुरू तोविया यांचा मी अपराधी आहे. भरसभेत त्यांना हिणवलं."

नऊ जण म्हणाले, क्षमा आहे. मग सगळे माझ्याकडे बघत राहिले.

"क्षमा आहे, यखीन."

त्याच दिवशी, दुपारी

मसूर दोघांपुरती चढवलीय. यखीन अजून रडतोय, आणि मधूनमधून सहलानला शिव्या घालतोय.