झोपून घेतलेले माप

आर्णी, ३ एप्रिल १९५९
अखेर आलो. माती तपासणीच्या नोकरीत आजवर मुक्काम म्हणजे डाकबंगले आणि दुसऱ्यांच्या ओसऱ्या. पत्नी गेल्यापासून मुलगी कुमुद नागपूरच्या वसतिगृहात आणि मी फिरतीवर. या सुट्टीत ती माझ्याबरोबर राहील, आमच्या स्वतःच्या घरात. ते घर मी बांधणार आहे: जीपमागे ओढायचे, दोन चाकांचे. भंगारातून लष्करी ट्रेलरचा सांगाडा मिळाला. सरकारी जीपला तो जोडण्याची परवानगी मी रीतसर घेतली. न विचारता जोडला असता तरी कोणी बोलले नसते, पण मला झोप लागली नसती.

काम गावाबाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात चालेल. ड्रायव्हर हरिसिंग बंजारा तांड्यातला. म्हणाला, त्याचे म्हातारे बैलांच्या पाठीवर संसार लादून फिरले, आता कुठे त्यांनी भिंती बांधल्या, तर साहेब घरालाच चाके लावून राह्यले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

९ एप्रिल
सागवानी चौकट उभी राहिली. वर पत्रा, खिडक्यांना कॅनव्हास. उकंडा सुताराचा हात साफ आहे. निजायच्या दोन बाकांसाठी मी फळ्या जमिनीवर मांडल्या, एकीवर उताणा झालो आणि भोवती खडू फिरव म्हणालो. त्याने खडू खाली ठेवला.

"साहेब, झोपवून मोजतेत ते मेलेल्याले. जित्यानं उभं राहून माप द्या लागते."

हात पोचेल तशी रेघ मीच ओढली. दुसऱ्या फळीवर कुमुदसाठी शिवून आणलेला परकर-पोलका अंथरून त्याच्याभोवतीही ओढली. सोय म्हणून, की उकंडाला दाखवायला? नक्की सांगता येत नाही.

१७ एप्रिल
फळ्यांना रंधा मारला, जवसाचे तेल दिले. आज दोन्ही रेघा पुन्हा वर आल्या आहेत, पांढऱ्या. खडू लाकडात एवढा मुरतो का? उकंडाला विचारले, तर हत्यारे गोळा करून घरी गेला.

उकाड्यामुळे मी बाहेर खाटेवर निजतो. बाकांवर गाद्या घातल्या, पण त्यांवर अजून कोणी अंग टाकलेले नाही. तरी दोन्ही गाद्या मधोमध दबलेल्या.

२४ एप्रिल
परकर-पोलक्याला डोके नसते. मी काढले नव्हते. आज गादी उचलली, तर कुमुदच्या फळीवर डोके आहे. दोन वेण्याही. झोपेत मीच काढले असेन. दुसरे उत्तर नको वाटते.

उकंडाच्या घरी गेलो. तो दारातूनच बोलला.

"घेतलेलं माप माणूस मांगते, साहेब. कोनीबी त्यात निजलं का माप भरलं."

फळ्या तोडून टाकतो म्हणालो. त्याने हळूच विचारले, पोरीच्या रेघेवर कुऱ्हाड चालवाल का.

२८ एप्रिल
कुऱ्हाड उचलली. पाते नेमके कुमुदच्या मनगटाच्या रेघेवर. माझा यावर विश्वास नाही. तरी हात खाली येईना.

कुमुदला येऊ नको अशी तार केली. वसतिगृहाचे उत्तर आले: निघाली, वाटेत मुक्काम करून उद्या पोचेल. फार आनंदात होती.

२९ एप्रिल, दुपार
हरिसिंग तिला आणायला यवतमाळच्या मोटर स्टँडवर गेला. परस्पर डाकबंगल्यावर ने, असे बजावले आहे. ती ऐकेल? घर बघायचे म्हणून महिनाभर पत्रांतून—

एकच उपाय. तिचे माप मी भरतो. मग तिच्यासाठी काही उरणार नाही.

तिच्या बाकावर आडवा झालो. वही छातीवर. पाय दुमडावे लागतील वाटले होते.

लागले नाहीत.

अंग जड. एकटे वाटत नाही, इतक्या वर्षांत प्रथमच—

जीप. इकडेच. हाक मारली, आवाज फुटत—

दार उघडले. तिला मी दिसत नाही. हरिसिंगला विचारते आहे, बाबा कुठे गेले. घर किती छान म्हणते. प्रवासाने पाठ धरली, जरा पडते म्हणते—

समोरचा बाक. तो माझा. माझी रेघ. ती तर अजून रिका—

कुमुद, तिथे न—