खिंडीतला दुसरा दगड

निकानोरदादा,

पर्यटकांना सकाळी ला पाझहून डोंगरापलीकडे न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं, हे माझं अजून चालू आहे. खिंडीत व्हॅन थांबली की वाटसरूंच्या दगडांच्या ढिगावर मी दोन दगड ठेवतो. एक माझा, एक तुझा. बाहेर गेलेला माणूस सुखरूप परतावा म्हणून आईनेच तसं बजावलंय.

तू चिलीच्या खाणीत गाडला गेलास, हे तीन वर्षं मी तिला सांगितलेलं नाही. "तिकडे फोन लागत नाही," एवढंच म्हणत आलो. भित्रा आहेच मी.

आज निघताना तिने हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. "ढिगावर ठेव. आणि तुझ्या त्या गोऱ्यांना फोटो काढू देऊ नकोस."

खिंडीत फडकं सोडून पाहिलं, तर पावाची बाहुली. नोव्हेंबरात आपण मेलेल्यांसाठी भाजतो, तीच. तिच्या भुवईवर तुझी खोक कोरलेली होती.

संध्याकाळी घरात शिरलो, तर ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "गाढवा, उद्यापासून एकच दगड ठेव. तुझा."

तुझा धाकटा,
सेवेरो