दादाला आलेला गुण

ता. ४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. आत शिवांबू चिकित्सेच्या पुस्तिकेच्या तीन प्रती आणि वहिनींनी विणलेला रुमाल. तिकिटं कमी लावली होतीस, पोस्टमनला दहा रुपये दंड भरला. रुमालाचे दहा रुपये गेले असं समजते, पुस्तिकेचे समजवत नाही.

दादा, एक प्रत आधीच घरात धिंगाणा घालत होती, आता आणखी तीन? आमचे हे रोज पहाटे उठून स्वतःचं... मॅट्रिक झालेली बाई आहे, शब्द येतो, पण लिहिणार नाही. पुस्तिका म्हणते, भांडं तांब्याचं हवं. घरात तांब्याचं एकच, देवापुढे पाणी ठेवायचं फुलपात्र. मी अंघोळ करून येते तो ते मोरीत! देव आता स्टीलच्या पेल्यावर आले. विचारलं तर म्हणाले, यालाही शिवाचंच नाव आहे, देव समजून घेईल. देव घेईल रे, मी नाही घेणार.

हेही सोसलं असतं. पण तीन महिन्यांपूर्वी त्यांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या. डॉक्टर ओरडले तर तुझं नाव पुढे केलं. म्हणाले, आमचे मेव्हणे हेडमास्तर होते, दोन वर्षं गोळीला हात लावला नाही, प्रेशर तरण्या पोरासारखं! परवा आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात घड्याळ उघडून बसले असताना चक्कर आली, काउंटरवर डोकं आपटलं. कपाळाला टाके पडले. तरी दुसऱ्या पहाटे फुलपात्र आहेच. वर गिऱ्हाइकांना उपदेश. गजराचं घड्याळ घेऊन येणारी म्हातारी शिंपीणबाई आहे, तिलाही पुस्तिका दिली, गोळ्या सोडा म्हणून सांगितलं.

माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. तुझं ऐकतात. गोळ्या घ्या, एवढी एक ओळ त्यांना लिही.

लोभ आहे तसा असू दे. पुस्तिका मात्र पुरे.

तुझी धाकटी

ता. ९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र म्हणजे नुसता त्रागा. चक्कर येते म्हणजे शरीर शुद्ध होत आहे, पान सतरा पाहावे. माझाच दाखला घे. दोन वर्षांपूर्वी गोळ्यांची बाटली तुझ्या वहिनीच्या हातात दिली आणि म्हटलं, फेकून दे. तेव्हापासून दर महिन्याला प्रेशर मोजून घेतो. बोट ठेवायला जागा नाही. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघते आहे, हजार प्रती. पहिल्याच पानावर माझा अनुभव. मेव्हण्यांना म्हणावं, धीर सोडू नका.

तुझी वहिनी सुरुवातीला फार कटकट करायची. हल्ली एक शब्द बोलत नाही. सकाळची कॉफी स्वतःच्या हाताने करून देते, यातच सगळं आलं.

तुझा दादा

ता. १० जून

सौ. वन्संना,
स. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत. काल तुमचं पत्र हाती लागलं, वाचलं.

बाटली मी फेकली नाही. अहो, पैसे मोजून आणलेल्या गोळ्या! समजावून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. मग त्यांच्या नाकातून रक्त आलं. औषधाच्या दुकानात विचारलं, तर ते म्हणाले, ही गोळी कुटलेली चालेल, पण त्यांना सांगून द्या. त्यातलं अर्धंच ऐकलं. रोज एक दोन चमच्यांमध्ये कुटते आणि कॉफीत घालते, संपल्या की नव्या आणते. म्हणतात, हल्ली कॉफी जरा कडू करतेस, पण छान करतेस.

वाटलं, आपल्या घरापुरतं आहे, बिघडलं कुठे? मानही राहतो, जीवही राहतो. तुमच्याकडे टाके पडल्याचं वाचलं आणि लिहायला बसले. तुम्हीही चहात घाला. आपल्या दोघींतच राहू दे. रागावू नका.

तुमची वहिनी

ता. १४ जून

ती. सौ. वहिनींना,
शि. सा. न. वि. वि.

आधी हसले, मग असा राग आला की दोनदा भात करपवला. दोन वर्षं आम्ही दादाच्या शिवांबूचे गोडवे ऐकतोय, आणि गुण तुमच्या कॉफीचा!

वहिनी, मी चहात घालणार नाही. उद्या हेही ठणठणीत होतील आणि यांचा अनुभव दुसऱ्या पानावर छापून येईल. ज्याच्या घरी गोळी कुटणारं कोणी नाही, त्याने ते वाचून काय करायचं? शिंपीणबाई एकटी राहते. मी तशीच धावत गेले, पुस्तिका परत आणली, गोळी माझ्यासमोर घ्यायला लावली. हजार घरी मी कुठे धावू?

छापायच्या आत दादाला सांगा. ओरडेल, शाळा डोक्यावर घ्यायचा तसं घर घेईल. मी तुमच्या बाजूची आहे, हे लक्षात ठेवा. तुमच्याने होत नसेल तर मीच लिहीन. पण नवऱ्याला हे बहिणीकडून कळू नये, असं मला वाटतं.

तुमची धाकटी वन्सं

ता. २० जून

श्री. मेव्हण्यांस,
स. न. वि. वि.

परवा सकाळी कॉफीच्या कपाशेजारी बशीत गोळी होती. अख्खी. ही काय म्हणून विचारलं, तेव्हा कळलं की दोन वर्षं मी तीच कुटून पीत होतो. सगळ्या वर्गातून कॉपी करणारं पोर मी हुडकून काढायचो. घरात मात्र दिसलं नाही.

छापखान्यातून लेख परत आणला आहे. आपण आजपासून गोळी घ्यावी. अधिक लिहवत नाही.

आपला

ता. २५ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यांनी डोळ्याला भिंग लावून तीनदा वाचलं, जसं काही त्यात बारीक स्क्रू हरवलाय. मग उठले, गोळी घेतली, डॉक्टरांकडेही स्वतःच्या पायाने गेले. रात्री हळूच विचारलं, तू माझ्या चहात कधी काही घातलंस का? देवाशपथ नाही म्हटलं. तर दादा, चक्क हिरमुसले! म्हणाले, वहिनींना मेव्हण्यांची केवढी काळजी. मी कपाळाला हात लावला. पहाटेचं अजून पुरतं सुटलेलं नाही, पण गोळी घेतात, सध्या एवढं पुरे. फुलपात्र यांनी लिंबू-मीठ लावून लखलखीत घासून दिलं. ते मी त्यांनाच ठेवायला सांगितलं. देवांना स्टीलची सवय झाली आहे.

वहिनींचं दोन ओळींचं पत्र आलं. सांगितलं, एवढंच लिहिलंय. पुढे तू काय बोललास, काहीच नाही. माझा जीव तिथे अडकलाय. रागाव, हवं तर माझ्यावर रागाव, मीच त्यांच्या मागे लागले होते. पण वहिनींच्या हातची कॉफी पितोस ना, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी धाकटी