माडजुव्याचं सरकार

शारजा,
९ जानेवारी २००३

ती. गं. भा. नर्मदाताईच्या चरणी दत्तारामचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

वर्षभर पत्र नाही, हे तू पहिल्या ओळीत सुनावणार म्हणून मीच आधी कबूल करतो. जुव्यावरचा फोन गेल्या पावसात मेला तो मेलाच, म्हणून पुन्हा हे कागद. आपल्या बाबाजींचा रोशन दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पातून सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती हे देतोय.

काम तुझ्या भाचीचं आहे. समिधाला शाळेत प्रोजेक्ट दिलंय: उष्ण कटिबंधातलं एक छोटं बेट घ्या आणि त्याचा भूगोल, लोक, अर्थव्यवस्था व सरकार यांची माहिती लिहा. बाकीच्या मुलांनी मालदीव नि मॉरिशस घेतले. रंजिताने हिच्या डोक्यात भरवलं की तुझे बाबा स्वतः बेटावरचे आहेत, त्यांना विचार. मी सांगायला बसलो आणि दोन वाक्यांत खलास! अडतीस घरं, एक विहीर. पुढे काय सांगणार? तू चार ओळी लिहून पाठव.

खरं बेट बघायचं तर इथे ये. आमची कंपनी दुबईतल्या ज्या साइटवर आहे तिथे दोन वर्षांपूर्वी नुसता समुद्र होता. आता जहाजं तळाची वाळू ओढून फवारतात आणि रोज सकाळी जमीन वाढलेली दिसते. मी सुपरवायझर म्हणून उभा असतो तेव्हा आपला तो चिखलाचा बांध आठवून हसू येतं. एकविसाव्या शतकात माणसं मे महिन्याच्या उन्हात चिखल तुडवतात! म्हणून मी नि सोनापूरच्या आपल्या नऊ पोरांनी वर्गणी काढलीय. सहा हजार दिरहॅम, म्हणजे पाऊण लाखाच्या वर. त्यातून वाळूच्या होड्या आणायच्या, बांध तीन फूट चढवायचा, की बांधाची हजेरी कायमची बंद. माझी दोन वर्षं चुकलीत आणि यंदाही लीव्ह नाही. तिसऱ्या वर्षी यादीतून घराचं नाव काढतात, हे मी विसरलेलो नाही. हजेरीच उरली नाही तर नाव काढणार कशावरून? ड्रॉइंग रोशनबरोबर देतोय, ते बाबाजींना दाखव.

तब्येतीला जप. धाकट्यावर लोभ आहे तो राहू दे.

तुझा
दत्ताराम


माडजुवे,
२ फेब्रुवारी २००३

चि. दत्तारामास नर्मदाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. ज्या मातीत तू सतरा वर्षं लोळलास तिची माहिती तुला दोन वाक्यांपलीकडे सांगता येईना, याचं मला नवल वाटलं नाही. तुझ्यासाठी नाही, पोरीसाठी लिहितेय.

भूगोल. जुवे म्हणजे खाडीतलं बेट. लांबी चालत अकरा मिनिटं, रुंदी सहा. भरतीला त्यातली दोनेक मिनिटं पाण्याखाली जातात. चारी बाजूंनी खारी खाडी आणि मधोमध गोड्या पाण्याची विहीर. ती गोडी का, तर बांध खारं पाणी बाहेर धरतो म्हणून. बांध गेला तर भाताचं खाजण जाईल, विहीर जाईल आणि मग जुव्यावर राहतील फक्त खेकडे. हे वाक्य पोरीकडून दोनदा लिहून घे, तू स्वतः चारदा लिही.

लोक. मतदार यादीत एकशे त्रेसष्ट, जेवायला चौऱ्याण्णव. बाकीचे तुमच्याकडे नाहीतर मुंबईला असतात आणि गणपतीत चार दिवस येऊन इथे डास फार झालेत म्हणून सांगतात. उरलो आम्ही म्हातारे, बायका, आणि बाबाजी, जे स्वतःला म्हाताऱ्यांत धरत नाहीत.

अर्थव्यवस्था. नारळ, कालवं आणि तुम्ही पाठवलेले पैसे. नारळ उंदीर खातात, कालवं पलीकडच्या गावचे रात्रीतून उचलतात, आणि तुमच्या पैशांचे चकचकीत ओटे होतात ज्यांवर बसायला घरात माणूस नसतो. इथला एकच धंदा बरा चाललाय, तो हारुनभाईंच्या तरीचा, पलीकडे नेणाऱ्या होडीचा. कारण इथून जाणारे पुष्कळ.

सरकार. ग्रामपंचायत पलीकडच्या काठावर. सरपंच मागच्या निवडणुकीला आले तेव्हा होडीतून उतरताना त्यांचा एक बूट चिखलात राहिला. तेव्हापासून ते आमचा विकास तिकडूनच करतात. खरं सरकार म्हणजे बांध. मे महिन्यात दोन दिवस प्रत्येक घरातला एक पुरुष चिखलात उतरतो. मजूर चालत नाही, पैसे चालत नाहीत. सलग तीन वर्षं चुकलं की घर यादीतून जातं आणि बैठकीत त्या घराला तोंड उघडता येत नाही. बाईची हजेरी धरत नाहीत. गेली दोन वर्षं मी तुझ्या जागी मांडीभर चिखलात उभी होते, तरी यादी राखणाऱ्या बाबाजींनी तुझ्या नावापुढे फुली मारली. मुलीने हे लिहिलं तर तिच्या बाईंना सांग, असं सरकार पुष्कळ मोठ्या देशांतही चालतं.

आता तुझं ड्रॉइंग. कागद गुळगुळीत आहे, रंग सुरेख आहेत. आपला बांध खाडीच्या चिकट मातीचा, पेंढा घालून पायांनी तुडवलेला. दगडाचं अस्तर आपल्या आजोबांच्या वेळचं. त्यावर तू वाळू टाकणार? वाळूतून पाणी जातं हे सांगायला मला दुबईला यावं लागेल का? मी बाबाजींना हेच म्हटलं. पण दुबईचा शिक्का असलेला कागद पाहून त्यांचे डोळे दिपलेत. सध्या तो त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी टांगलाय.

वाळू पाठवू नकोस, तू ये. चार दिवस रजा काढ, चिखलात उतर, घराचं नाव राख. मग काय सुधारणा सुचवायची ती बैठकीत उभा राहून सुचव.

सौ. रंजितास व चि. समिधास आशीर्वाद. राग आला तरी पत्र धाड.

तुझी
नर्मदाताई


शारजा,
१४ मार्च २००३

ती. नर्मदाताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र समिधाला वाचून दाखवलं. तिने इंग्रजीतच विचारलं की बाबा, हे ठिकाण खरंच आहे की आत्यानं रचलंय? टीचरनेही ते परत पाठवलं. बेटाला झेंडा हवा, राजधानी हवी, म्हणाल्या. शेवटी मालदीव लिहिलं, तासाभरात झालं.

राहता राहिली वाळू. ताई, तू मोठी आहेस, पण हा विषय तुझा नाही. मी रोज शेकडो ट्रक नि जहाजं बघतो. इथे मोठमोठे इंजिनिअर वाळूवर शहर उभं करायला निघालेत आणि तू मला पेंढा शिकवतेस. लीव्ह मिळणार नाही. मॅनेजरला विचारलं तर तो इन्शाल्ला म्हणाला, आणि इथे त्याचा अर्थ नाही असाच घ्यायचा असतो. बाबाजींना पलीकडच्या बाजारातल्या दुकानात फोनवर बोलावून मी सगळं ठरवलंय. सगळ्या घरांचा होकार आहे. घर माझ्या नावावर आहे, तेव्हा आपल्या घराचाही आहे. तू उगाच आडवी येऊ नकोस, एवढीच हात जोडून विनंती.

कळावे, माया असावी.

दत्ताराम


माडजुवे,
८ जून २००३

चि. दत्तारामास आशीर्वाद, वि. वि.

घर तुझ्या नावावर आहे, हे बरं केलंस सांगितलंस. छप्पर शाकारताना, वाळवी काढताना, आईचं शेवटचं दुखणं काढताना माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

तुझा बांध झाला. बावीस होड्या वाळू पडली. सरपंच उद्घाटनाला आले, या वेळी दोन्ही बूट हातात घेऊन. भाषणात त्यांनी जुव्याचं दुबई झालं असं सांगितलं. टाळ्या वाजल्या, चहा झाला. मे महिन्यात कोणी चिखलात उतरलं नाही. पुरुषमंडळी दोन दिवस माडाखाली पत्ते खेळली आणि तुझं नाव घेत होती. खरंच सांगते, फार कौतुक झालं तुझं. माझ्या भावाचं कौतुक होतंय आणि मी चहा तसाच ठेवून उठले, असं पहिल्यांदाच झालं.

मी आणि हारुनभाईंची बायको जैनब, दोघींनी विहिरीच्या अंगाला जमेल तेवढी माती घातली. बाबाजी येऊन म्हणाले की तुम्ही दोघी दत्तारामाच्या कामाचा अपमान करताय. मी म्हटलं, करतेय.

पाऊस चार दिवसांवर आहे. तुझं म्हणणं खरं ठरो. मी खोटी पडले तर नारळ वाढवीन.

तुझी
ताई


माडजुवे,
३ सप्टेंबर २००३

चि. दत्तारामास आशीर्वाद, वि. वि.

नारळ वाढवायची वेळ आली नाही.

पिठोरी अमावास्येच्या उधाणाला, दुपारी बाराच्या भरतीत, वाळू गेली. एकदम नाही. आधी खालून पाणी पाझरलं, मग वाळू बसत गेली, आणि सगळे छत्र्या घेऊन बघत असताना तीस हात बांध खाडीत उतरला. त्या अंगाला यंदा माती चढवलेली नव्हती, तेव्हा वाळूखाली जुना बांधही खचलेला होता. पोटरीला आलेलं भात मिठाच्या पाण्यात उभं आहे. तिसऱ्या दिवशी विहिरीचा चहा खारट लागला. बाबाजींना वाटलं सुनेने चुकून मीठ घातलं, आणि ते तिला ओरडले. मग त्यांनी नुसतं पाणी पिऊन पाहिलं आणि विहिरीच्या काठावर बसून राहिले.

यंदा हारुनभाईंच्या तरीतून गणपती आणि पिण्याचं पाणी एकाच खेपेत आलं. विसर्जनाआधी अकरा घरांना कुलपं लागली. लोक मुंबईला लेकांकडे, पलीकडे जावयांकडे निघालेत. जाताना तुझ्या नावाने जे बोलतात ते मी लिहीत नाही. जे मे महिन्यात पत्ते खेळत होते तेच मोठ्याने बोलतात, म्हणून मी मनावर घेत नाही.

मनावर घेते ते वेगळंच. तुला वाळू कळत नाही, याचा मला राग नाही. तू मला विचारलंस, मी सांगितलं, आणि तुला ते बाईचं बोलणं वाटलं. त्याचा राग आहे आणि तो लवकर जाणार नाही.

ताई


शारजा,
२० सप्टेंबर २००३

ती. नर्मदाताईच्या पायांवर डोकं ठेवून दत्तारामचा नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून तीन दिवस साइटवर फिरलो. शेवटी आमच्या मल्याळी इंजिनिअरला विचारलं, दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट सांगतोय असं करून. तो म्हणाला, इथे बाहेरून टनाटनाच्या दगडांची भिंत आहे, आणि तरीही वाळू किती हलली ते सारखं मोजत असतात. नुसती वाळू चिखलावर टाकायची हे कोणत्या गाढवाने अप्रूव्ह केलं? मी गप्प राहिलो. अडीच वर्षं त्या दगडांसमोर उभा आहे, ताई, पण ते कशासाठी आहेत हे कधी विचारलं नाही. मी फक्त ट्रक मोजत होतो.

सोनापूरला गेलो तर पोरं माझ्याशी बोलली नाहीत. रोशनने पाणी दिलं, तेवढंच. रंजिता म्हणते, आता तरी सगळं सोडून जाऊन या. पण पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात जमा आहे आणि डिसेंबरच्या डेडलाइनपर्यंत कोणालाच सोडत नाहीत.

तू इथे ये. व्हिसा मी काढतो. दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, नळाला गोडं पाणी आहे, समिधालाही सोबत होईल. त्या बेटावर आता काय उरलंय? आणि एक मागणं. बैठकीत माझं नाव काढू देऊ नकोस. आपल्या बापजाद्यांचं घर त्या यादीतून गेलं तर मी कुठला म्हणून सांगू? मी पुढच्या मे महिन्यात नक्की येईन, असा शब्द बाबाजींना माझ्यातर्फे दे. तुझं ते ऐकतील.

चुकलो. पदरात घे.

तुझा
दत्ताराम


माडजुवे,
१९ ऑक्टोबर २००३

चि. दत्तारामास नर्मदाताईचे आशीर्वाद, वि. वि.

गाढव कोण ते तू गप्प राहून लपवलंस, पण मला लिहिलंस. तेवढ्यापुरता तू अजून आमचा आहेस. व्हिसा काढू नकोस. समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडणारा देश मोठाच असणार, पण मला माझी विहीर गोडी करायचीय.

तिचं सांगते. नऊदा उपसली. परतीच्या पावसाने थोडं सावरलं, अजून दोन पावसाळे लागतील असं बाबाजी म्हणतात. तोवर हारुनभाई पाणी आणतात. सत्तावीस घरं उरली होती, त्यांतली सोळा कामाला आली. दसऱ्यानंतर आम्ही मातीचा बांध धरला, आणि मे महिन्यात न झालेली यंदाची हजेरी त्यावरच धरली. सोळा घरांत पुरुष सातच, तेव्हा बायका उतरल्या. या खेपेला कोणी आम्हाला वर जा म्हटलं नाही. बाबाजींनी तुझं ड्रॉइंग देव्हाऱ्याजवळून काढलं, चिखलाने भरलेले पाय त्याला पुसले आणि मग स्वतःच रडले. त्या माणसाला बोलायचं ते सगळं मी मनात बोलून घेतलंय.

परवा बैठक झाली. तुझ्या नावाचा विषय निघाला. सलग तीन वर्षं, नियम साधा. तू सांगितलेला शब्द मी दिला नाही. दत्ताराम, तुझं नाव काढायला पहिला हात मी वर केला. मग सगळ्यांनी केला. नाव माझ्या डोळ्यांसमोर खोडलं गेलं. आपल्या बाबांनी मला मांडीवर घेऊन त्या यादीतलं आपलं नाव वाचायला शिकवलं होतं.

नंतर मी उभी राहिले आणि म्हटलं की घर रिकामं नाही, घरात मी आहे, आणि तीन वर्षं मी चिखलात होते हे इथल्या प्रत्येकाने पाहिलंय. पुरुष बाबाजींकडे बघू लागले. जैनब मागून म्हणाली की बाईची हजेरी धरायचीच नसेल तर आम्ही बायका उद्यापासून येत नाही, सात पुरुषांनी बांध घालावा. मग मात्र बाबाजींना नियम बदलता येतो हे पटकन आठवलं. आता यादीत तुझ्या जागी नर्मदा लिहिलंय. खाली आणखी आठ बायका आहेत.

तू कुठला म्हणून सांगायचं ते विचारतोस. माडजुव्याचाच सांग, कोणी अडवणार नाही. मे महिन्यात जरूर ये, रंजिताला आणि पोरीला घेऊन ये. पण बांधावर उतरायचं असेल तर आधी मला विचारावं लागेल. हजेरी आता माझ्या घराची आहे.

राग अजून आहे, मायाही आहे. दोन्ही सांभाळून लिहितेय, तूही तसंच वाच.

तुझी
नर्मदाताई