रेघ जिथे तुटते

१९ सप्टेंबर

— आणि केशरबाईंचं बोट परत थांबलं. ‘मा.’ थांबल्या. ‘ण.’ थांबल्या. ‘सा.’ विहारात मागे कोणीतरी हसलं. शेजारी जानराव बसले होते. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, दरवर्षी धम्माचा ग्रंथ तेच वाचतात. त्यांनी हळूच पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि पुढचं सुरू केलं. खणखणीत, न अडखळता.

ही तालीम होती. आश्विन पौर्णिमेला समारोप. त्या दिवशी एक पान केशरबाईंनी वाचायचं ठरलंय. बाहेर आल्यावर पुतण्या अश्वजित म्हणाला, ‘काकी, राहू दे ना. जानरावबाबा हायेत.’

‘तू चूप रे. मले वाचता येते. मॅडमले पूस.’

मी मान हलवली. खरंच येतं. माझ्या साक्षरता वर्गात त्या सरळ वाचतात. मग इथे काय झालं?

२० सप्टेंबर

बायका कामावर जायच्या आधी वर्ग असतो. केशरबाईंना विचारलं, ‘शब्द तोडून का वाचलात?’

‘मी कायले तोडीन? तुटेलच होता.’

‘कुठे?’

‘वरची रेघ. तुमीच तं सांगतलं, रेघ संपली का शब्द संपला.’

सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी.

विहारात जाऊन पुस्तक उघडलं. जुनी प्रत, शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे सुट्या अक्षरांच्या ठशांनी छापलेली. भिंग धरलं. खरंच! प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आपापला रेघेचा तुकडा. दोन तुकड्यांमध्ये बारीक पांढरी फट. अशाच पुस्तकांवर मी एम. ए. झाले. फट दिसली नाही. सवयीचा डोळा ती भरून घेतो. नव्या डोळ्याला ती दिसते.

२१ सप्टेंबर

दिवसभर फटी. शब्दकोशात. आईबाबांच्या लग्नपत्रिकेतसुद्धा!

२३ सप्टेंबर

रतनसिंगच्या दुकानात गेले. हायवेवर, जीपच्या थांब्यासमोर. बॅनर, पत्रिका छापतो. आमच्या वर्गाचे मोठ्या अक्षरांचे कागदही तोच काढून देतो.

‘रेघ पाहाले आल्या? एवढ्या उन्हात? मॅडम, तुमी सुट्टी घ्या.’

पण सांगत बसला. त्याचे वडील वाशिमला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. ‘बाबा म्हणे, खिळा नवा असला का फट दिसत नाही. झिजला का दात दिसतेत.’ पुढे याने कॉम्प्युटर घेतला. तेव्हा अक्षरं वरून मराठी, आतून इंग्रजीच. एकदा जयंतीची पत्रिका अकोल्याला पाठवली. तिथे याचा फॉन्ट नव्हता, उघडली तर नुसती एबीसीडी! ‘लोकं म्हणे, रतन, हे कोन्या देशाची जयंती होय?’ आता प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. आमच्या शेलूबाजारातला क जपानातही क.

मग त्याने पडद्यावर एक शब्द मोठा करत नेला. अजून मोठा. दोन अक्षरांची रेघ जिथे भेटते तिथे एकीचं टोक दुसरीच्या हद्दीत शिरलेलं. केसभर. मुद्दाम! कोणीतरी कुठेतरी बसून प्रत्येक अक्षराला हे जास्तीचं टोक काढलं. म्हणून फट नाही. म्हणून केशरबाईंना शब्द अख्खा दिसतो.

बाहेर जीपवाला ‘मंगरूळ, मंगरूळ’ ओरडत होता. आधी शिसं, मग क्रमांक, मग हे टोक. कुठून निघालं आणि शेतात निंदण करणाऱ्या बाईच्या बोटाखाली येऊन पोचलं.

२५ सप्टेंबर

रतनसिंगने ते पान मोठ्या अक्षरांत काढून दिलं. केशरबाईंनी घडाघडा वाचलं. आणि परत माझ्या हातात दिलं!

‘कागद नाही पाह्यजे. सारे पुस्तकातून वाचतेत. मी काय चिठ्ठी वाचू?’

‘शब्द तेच आहेत, केशरबाई.’

‘असतीन. मायी माय पुस्तकाले हात जोडे. उघडता नाही ये तिले. मले थेच उघडाचं हाय.’



२ ऑक्टोबर

वर्ग नाही. आज दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन; सगळ्या नागपूरला, दीक्षाभूमीवर.

४ ऑक्टोबर

केशरबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. तोच ग्रंथ, नवी आवृत्ती, कॉम्प्युटरवर जुळवलेली! नागपूरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून आणला. सोबत गेलेली नात साक्षी हसत सुटली होती — ‘आजी नं, पुस्तक उजेडात धरे अन् रेघच पाहे. एक दुकान सोडलं नाही! पुस्तकवाला म्हणे, आजी, पुस्तक घेऊन राह्यल्या का लुगडं?’

केशरबाई हसल्या नाहीत. पान उघडून वाचायला लागल्या.

६ ऑक्टोबर, पौर्णिमा

वाचलं! बोट सरकत राहिलं. विहारात कोणी खोकलंही नाही. ज्या हातांनी परवापरवापर्यंत अक्षर काढलं नव्हतं, त्या हातांत अख्खं वाक्य. केवढी गोष्ट ही!

पानाच्या मध्यावर त्या दम घ्यायला थांबल्या. शेजारी जानराव, जुनी प्रत मांडीवर, डोळे मिटलेले. मदत म्हणून त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं.

‘भाऊ, थे इथं नाही लिहेलं,’ केशरबाई म्हणाल्या.

हशा. अश्वजित म्हणाला, ‘काकी, तुयं पुस्तक नवीन हाय, जुन्यात पाहू दे.’ जानरावांच्या मांडीवरची प्रत उचलली. शोधलं. त्याचा चेहरा बदलला. जुन्या प्रतीतही केशरबाईंचंच बरोबर. जानरावांच्या वाक्याआधी एक पूर्ण परिच्छेद होता. या विहारात तो कधी कोणी ऐकलेला नव्हता.

केशरबाईंनी तो वाचला. सावकाश. जानराव ऐकत होते, डोळे उघडून.

७ ऑक्टोबर

सकाळी वर्गाला जानराव आले. बायकांच्या मागे उभे राहिले. म्हणाले, ‘बाप वाचे, थे आयकून पाठ केलतं. मले अ पासून सांगा.’ बायकांनी सरकून जागा केली.